आबकारी आली रे!

फुलचूरला चैत्रात पहाटेच मोहाचा गोड, जडसा वास यायचा. अंगणाअंगणात फुलं वाळत पडलेली असत. रस्त्यावर जीप दिसली, की शेजारची आजी ओरडायची, ‘आबकारी आली रे!’ आणि फुलं भराभर टोपल्यांत जायची. आबकारी ही कुणी खाष्ट बाई असावी, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

वडिलांना विचारलं, तर ते जरा ओशाळलेच. आमच्या घरात दारू हराम, आणि शब्द मात्र आमच्याच पेटीतला निघाला. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी, ‘कार’ म्हणजे काम. गुलाबात तोच आब आहे, पंजाबातही. शराबमध्ये मात्र तो नाही, बरं का! शराब अरबी, ‘पिणे’ या अर्थाच्या धातूपासून झालेला, शरबताचा सख्खा भाऊ.

आबकारी म्हणजे मुळात दारू गाळण्याचा आणि विकण्याचा धंदा. त्यावरचा कर, हा अर्थ मागून आला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात दोन्ही अर्थ याच क्रमाने दिले आहेत. मुंबई इलाख्यात १८७८ मध्येच आबकारी कायदा झाला होता. गाळणारीच्या कामाचं नाव तिला पकडायला येणाऱ्याला मिळालं. हंडी फुटली तर नवी आणता येते. नाव कुठून आणायचं?

आता लोक ‘एक्साइज’ म्हणतात. इंग्रजीने हा शब्द डचांकडून उचलला. डच लोक आधी पेयाचं नाव घेतात, मग कराचं: ‘बीर-अक्सैन्स’, बिअरवरचा कर. त्या जोडशब्दात पेय आहे, कर आहे, करणारा कुणी नाही. आपल्या शब्दात निदान काम तरी होतं.

हे सगळं मी एकदा आजीला सांगितलं. ती म्हणाली, ‘पानी अन् काम? मंग त ते आमचंच झालं ना, बाबू!’

आमचा भाग तेव्हा मध्य प्रांतात. इथला कायदा १९१५ चा, इंग्रजी नाव एक्साइजचं. पुढे १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो. आज महाराष्ट्रात पाटी असते ‘राज्य उत्पादन शुल्क’ची. हे शब्द उच्चारताना आजीची जीभ अडखळली असती. बालाघाटला गेलं, की मात्र तोच १९१५ चा कायदा हिंदीत ‘आबकारी अधिनियम’ म्हणून चालू आहे आणि पाटीवर ‘आबकारी विभाग’ लिहिलेलं आहे. बसमधून ती पाटी दिसली, की अजूनही टोपली उचलायला हात पुढे होतो.