मेंदूतले खोटे डाग



मेंदूच्या राखाडी चित्रावर लाल-पिवळे डाग तुम्ही वर्तमानपत्रात पाहिले असतील. हे डाग यंत्राला दिसत नाहीत. एफएमआरआय यंत्र रक्तातल्या प्राणवायूशी निगडित चढउतारांचे आकडे देतं. त्यांतून डाग शोधतं ते सॉफ्टवेअर. म्हणून ते सॉफ्टवेअर कुणालाही उघडून तपासता येतं का, हा प्रश्न मला यंत्राच्या किमतीपेक्षा मोठा वाटतो.

स्वीडनच्या लिन्शॉपिंग विद्यापीठातले अँडर्स एक्लुंड आणि त्यांचे दोन सहकारी यांनी २०१६ मध्ये अशा तपासणीचे निष्कर्ष छापले. त्यांची युक्ती मला फार आवडते. अनेक प्रयोगशाळांनी खुल्या केलेल्या नोंदींतून त्यांनी ४९९ निरोगी माणसं निवडली. ही माणसं यंत्रात नुसती पडून होती. संगणकाला मात्र सांगितलं, की यांना ठरावीक वेळी काम दिलं होतं. आता चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांत फरक शोध. फरक मुळातच नाही, तेव्हा उमटेल तो डाग खोटा! शंभरात पाच वेळा असं होणं शास्त्राला मान्य आहे. एसपीएम, एफएसएल आणि अफ्नी या तीन प्रचलित साधनांवर मिळून सुमारे ३० लाख विश्लेषणं झाली. डागाच्या आकारावरून निष्कर्ष काढण्याच्या पद्धतीत खोट्याचं प्रमाण काही ठिकाणी शंभरात ७० पर्यंत गेलं.

याचं कारण असं. मेंदूतल्या शेजारच्या बिंदूंचे आकडे एकमेकांसारखे असतात. अंतर वाढलं की हे साम्य झटकन ओसरतं, असं गणितात गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात ते दूरवर रेंगाळतं; म्हणून योगायोगाने जमलेला मोठा डागही अर्थपूर्ण ठरायचा.

याशिवाय अफ्नीमध्ये एक चूक पंधरा वर्षं राहून गेली होती. ती याच तपासणीच्या ओघात सापडली आणि २०१५ मध्ये दुरुस्त झाली. अफ्नीचा कोड तर खुलाच होता, मग इतकी वर्षं ती कशी राहिली? कोड खुला असला, तरी तो वाचायला कुणी तरी बसावं लागतं. शोधनिबंध लिहिला तर बढती मिळते. दुसऱ्याचा कोड चार महिने चाळला तर कुणी विचारत नाही. हे बदललंच पाहिजे, असं मी आग्रहाने सांगतो.

एक्लुंड आणि सहकाऱ्यांच्या त्या निबंधात सुरुवातीला ४०,००० अभ्यासांवर प्रश्नचिन्ह लावलं होतं. हा आकडा फुगलेला होता. सहलेखक टॉमस निकल्स यांनी स्वतःच नंतर अंदाज मांडला, की खरोखर बाधित अभ्यास ३,५०० च्या आसपास असावेत, आणि निबंधातलं ते विधानही दुरुस्त झालं. अफ्नीच्या मंडळींनीही साम्य कसं ओसरतं याचं नवं सूत्र साधनात घातलं.

जुने अभ्यास नव्या सूत्राने पुन्हा तपासता आले असते. पण बहुतेकांच्या मूळ नोंदी कुणी नीट जपलेल्या नाहीत आणि इतरांना दिलेल्याही नाहीत. त्यांतले कोणते डाग खरे होते, हे आता तपासायचं कशावरून?