धन्यांनी कासरा सोडला



नोकरदार निवृत्त झाला की हारतुरे, फंड, ग्रॅच्युइटी. शेतकरी थांबतो तो अंथरूण धरल्यावरच. शेती हा आमचा घरचा धंदा. आमच्या धन्यांनी तो ४५ वर्षं रेटला. कपाशीची पेरणी, ज्वारीची रास, सोसायटीचं कर्ज, पोरींची लग्नं, सगळं त्यातच. यंदा अक्षय तृतीयेला त्यांनी बैलांचा कासरा लेकाच्या हाती दिला. आम्ही भावकीला पुरणपोळीचं जेवण घातलं.

पण आनंदाच्या भरात सगळं रान लिहून दिलं नाही. बारा एकरांपैकी चार एकर आम्हा दोघांच्या नावावर ठेवलं. आठ एकरांच्या बक्षीसपत्रात आईबापाला सांभाळण्याची अट लिहून घेतली. अट मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते पत्र रद्द करून मागता येतं. तोंडी शब्दावर राहू नका.

लेकावर अविश्वास नाही. पण कापसाला भाव नसला, की भल्या घरातही भांडी वाजतात. ते चार एकर हीच आमची पेन्शन.

जगाला कापूस पुरवणाऱ्या हातांना म्हातारपणी कुणापुढं पसरावं लागू नये, हाच धन्यांचा खरा सत्कार!