गेलेली पत परत मिळते



मंडळाच्या वर्धापनदिनी माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईने भाषण करावे, असा आग्रह आपल्या चिटणीस वहिनींनी धरला. स्वयंपाकावर चार शब्द सांगा, असे त्या म्हणाल्या होत्या. परंतु स्वयंपाक तुम्हा सर्वांना माझ्यापेक्षा चांगला येतो. म्हणून ज्या गोष्टीपायी आमच्या घराची दोन वर्षे झोप उडाली, त्या गोष्टीवर, म्हणजे पतीवर बोलावयाचे मी ठरवले. पती म्हणजे नवरा नव्हे हो! वाण्याकडे असते ती पत.

आपल्या सासूबाईंच्या काळी वाण्याच्या लाल चोपडीत घराचे नाव असे. मुंबईहून मनीऑर्डर आली की उधारी भागे. एखाद्या महिन्यास ती आली नाही तरी वाणी माणूस ओळखत असे, थांबत असे. आता ती चोपडी मोठी झाली आहे. तिला लोक ‘सिबिल’ म्हणतात. ही संस्था २००० साली निघाली. तसल्या आणखी तीन कंपन्या आहेत आणि त्यांच्यासाठी २००५ सालचा कायदा आहे. आपण कोणत्या बँकेचे किती कर्ज घेतले, हप्ता वेळेवर भरला की नाही, याची नोंद तेथे होते व त्यावरून ३०० ते ९०० पर्यंत गुण देतात. ७५० च्या वर गुण असले की बँका सहसा कुरकुर करीत नाहीत. या चोपडीला आपला चेहरा दिसत नाही, आकडा तेवढा दिसतो.

आता आमची हकीकत सांगते. थोरल्या मुलाने २०१३ साली इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. साडेतीन लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले. चार लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला तारण लागत नाही, जामीनही लागत नाही. मात्र आईवडील सहकर्जदार म्हणून सही करतात. मी व आमच्या ह्यांनी सही केली. शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवलत असते, तरी व्याज चालूच असते. त्यामुळे हप्ते सुरू झाले तेव्हा रक्कम पावणेपाच लाखांच्या घरात गेली होती. महिना साडेसहा हजारांचा हप्ता. मुलगा चाकणला नोकरीला होता, त्याने वीस हप्ते बिनचूक भरले.

मग २०२० साली टाळेबंदी आली. कारखाना बंद, नोकरी गेली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिन्यांची सवलत दिली होती, पण सप्टेंबर उजाडला तेव्हा मुलगा घरीच होता आणि ह्यांच्या बोटीलाही भाव नव्हता. हप्ते थांबले. नव्वद दिवसांहून अधिक हप्ता थकला की बँक ते खाते बुडीत खात्यात धरते. मुलगा बिचारा पत्रे उशीखाली ठेवी. फोन आला की अंगणात जाई.

याची झळ लागली ती धाकट्या मुलीला. २०२२ साली बारावी झाल्यावर तिला नर्सिंगला जायचे होते. कर्जासाठी एका बँकेत गेलो, तर साहेबांनी संगणकात पाहून मान हलवली. “आईवडिलांच्या नावावर थकबाकी दिसते,” एवढेच बोलले. पोरगी परतीच्या एस.टी.त खिडकीबाहेर बघत बसली. मुलाच्या कर्जावरची सही आमच्या नावावरही तितकीच चढते, हे त्या दिवशी उमजले. सही करणाऱ्या प्रत्येक आईने हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर जे केले ते क्रमाने सांगते, कारण आपल्या गावात आणखी घरे या अडचणीत आहेत हे मला ठाऊक आहे.

पहिले काम, आपला अहवाल मागवला. या चारही कंपन्यांकडून प्रत्येकी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. पॅन कार्ड व मोबाईल पुरतो. माझे गुण ५४५ निघाले.

दुसरे काम, मुलाला घेऊन आम्ही तिघेही शाखेत गेलो. थकबाकी १,५२,००० रुपये होती. तेथे आम्हाला दोन वाटा सांगण्यात आल्या. एक, ठरावीक रक्कम एकदम भरून तडजोड करा, बाकी सोडून देऊ. ऐकायला गोड वाटले. पण मी विचारले, “मग त्या चोपडीत काय लिहाल?” उत्तर मिळाले, ‘सेटल्ड’. म्हणजे पूर्ण फेडले नाही, तडजोड झाली. हा शब्द पुढे कित्येक वर्षे दिसतो आणि नवा सावकार तो पाहून मागे सरतो. दुसरी वाट, मागील सारी थकबाकी भरा आणि हप्ते पुढे चालू ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली स्पष्ट केले आहे की थकलेले मुद्दल व व्याज सगळे भरल्याशिवाय बुडीत खाते पुन्हा चांगले होत नाही. थोडेसे भरून भागत नाही.

आम्ही दुसरी वाट धरली. माझ्या दोन पाटल्या मोडल्या. दिरांनी तीस हजार उसने दिले. मुलाला लोट्याच्या वसाहतीत पुन्हा काम मिळाले होते, त्याची शिल्लक घातली. पाटल्या गेल्याचे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? ज्यांच्यापाशी मोडायला काही नाही त्यांनी लोकअदालतीत जावे. तेथे कोर्ट फी लागत नाही. मात्र तीही तडजोडच, हे जाणून सही करावी.

तिसरे काम हप्त्याचे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ते दोन महिने घरात पैसा येत नाही, आणि बँकेला पाऊस कळत नाही. म्हणून जानेवारीपासून दर महिन्याला थोडे बाजूला काढून मे अखेर दोन हप्ते तयार ठेवते. आंबाकाजूवर ज्यांचे घर चालते त्यांनी उलट हिशेब करावा. मे महिन्याचा पैसा वर्षाला पुरवावा.

चौथे काम तपासणीचे. थकबाकी भरली तरी तीन महिन्यांनी माझ्या नावावर ती तशीच दिसत होती. पावती जोडून तक्रार केली. तीस दिवसांत निकाल लावावा लागतो, नाहीतर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, असा आता नियम आहे. आमची नोंद वेळेत सुधारली. म्हणून पावती म्हणजे सौभाग्यलेणे समजून जपा. कर्ज पुरे फिटल्यावर ‘काही देणे नाही’ असा दाखला घ्यायला विसरू नका.

पाचवे, लहान कर्ज घेऊन वेळेवर फेडले. मी बचत गटातून दहा हजार घेतले, मसाल्याच्या कामाला लावले आणि एकही हप्ता चुकवला नाही. मात्र दहा बँकांत एकदम अर्ज टाकू नये. प्रत्येक चौकशीची नोंद होते व गुण घटतात.

पैसे घेऊन गुण वाढवून देतो म्हणणारे लोकही भेटतात. खरी असलेली नोंद कोणालाही पुसता येत नाही, चुकीची असेल ती आपण फुकटात सुधारू शकतो. त्यांना दारातूनच ताक पाजून वाटेला लावा. आणि वसुलीवाला आला तर घाबरू नका. सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर त्याने फोन करू नये, धमकावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे.

२०२३ च्या अखेरीस माझे गुण ६४० झाले. २०२४ साली मुलीला कर्ज मिळाले व ती नर्सिंगला गेली. दोन वर्षे उशिरा, पण गेली. २०२५ साली गुण ७३१ झाले. पत पुन्हा उभी राहायला सुमारे तीन वर्षे लागली. घाई केली असती तरी लवकर झाले नसते.

भगिनींनो, आपल्या अंजनवेलच्या हद्दीतला वीज प्रकल्प पाहा. तो २००१ साली बंद पडला तेव्हा बँकांची केवढी कर्जे त्यात अडकली होती! ते साहेब गावात तोंड लपवून फिरले का? बँका, सरकार व मोठ्या कंपन्या एकत्र बसल्या, २००५ साली नवी कंपनी उभी केली आणि २००६ साली पुन्हा वीज सुरू झाली. हजारो कोटींच्या थकबाकीला मार्ग काढतात, तर दीड लाखासाठी आपल्या पोरांनी उशीखाली पत्रे का लपवावीत?

माझी मंडळाला एक विनंती आहे. दर महिन्याच्या सभेत अर्धा तास यासाठी ठेवावा. ज्यांना अहवाल मागवता येत नाही त्यांना आपल्या लेकीसुनांनी मागवून द्यावा. कोणाच्या घरी हप्ता थकला तर पाणवठ्यावर कुजबुज न करता तिच्यासोबत शाखेत जावे. पहिल्या थकलेल्या हप्त्यालाच बँकेला लेखी कळवले तर मुदत वाढवून मिळण्याचा संभव असतो. दोन वर्षांनी गेल्यास वाट अवघड होते.

कर्ज काढून मुलांना शिकवणे यात कमीपणा नाही. मी पुन्हा सही केली आहे, मुलीसाठी. फक्त आता सहीच्या खाली काय लिहिले आहे ते वाचून केली.