किल्टखालचे बूट

श्रोतेहो, लग्नात अंगावर काय घालायचं याचा खल आपल्याकडे महिनाभर चालतो. पायात काय घालायचं, हे मात्र आदल्या रात्री आठवतं. मग घरातलं कुणीतरी बाजारात पळतं. ही तारांबळ फक्त आपल्याकडेच असते, असं मला वाटायचं.

2023 च्या जूनमध्ये मी ग्लासगोला भाच्याकडे गेलो होतो. त्याच्या स्कॉटिश मित्राचं लग्न होतं आणि भाचा नवरदेवाचा पाठराखा. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यालाही किल्ट घालायचा होता. किल्ट म्हणजे गुडघ्यापर्यंत येणारं, मागे चुण्या असलेलं चौकड्यांचं लोकरी वस्त्र. आमच्या मिरजेत लोक त्याला सरळ घागरा म्हणतील. तिथे मात्र म्हणू नये!

हा सगळा सरंजाम भाड्याने मिळतो. दोन दिवस आधी मोठं खोकं घरी आलं. किल्ट, आखूड कोट, कमरेपुढे लटकवायची कातडी थैली, पांढरट लांब मोजे, मोज्यात खोचायची छोटी सुरी आणि बूट. बूट पाहून मी चमकलो. त्यांना जीभच नव्हती. नाड्या मात्र वावभर लांब.

‘‘अरे, तुला फाटका जोड दिला वाटतं,’’ मी म्हटलं.

भाचा हसला. मग कपाटातून त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जोड काढला. साधे, काळे, नाडीचे बूट. मी ते लगेच ओळखले. माझ्या मेहुण्यांचे, म्हणजे त्याच्या अब्बांचे. ईदला आणि लग्नाकार्यालाच ते घालायचे, आणि घालण्याआधी अर्धा तास पॉलिश करायचे. 2021 च्या मे महिन्यात कोरोनाने ते गेले. प्रवासावर निर्बंध होते, भाच्याला मातीला येता आलं नाही. पुढे आला तेव्हा त्याने घरातून एवढंच मागून नेलं.

‘‘मामू, किल्टखाली हे चालतील का?’’

मी कवी माणूस. मला काय कळणार? आम्ही त्या भाड्याच्या दुकानात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी शांतपणे समजावलं. त्या बिनजिभेच्या बुटांना गिली ब्रोग म्हणतात. गेलिक भाषेत गिली म्हणजे हरकाम्या पोऱ्या, ब्रोग म्हणजे बूट. डोंगरात, दलदलीत हिंडणाऱ्यांचं हे पायताण. जीभ नाही म्हणून लवकर वाळतं. नाड्या घोट्याच्या वर गुंडाळायच्या, म्हणजे गाठ चिखलात भिजत नाही. त्या पोटरीपर्यंत चढवू नयेत, असंही त्यांनी बजावलं. रात्रीच्या मेजवानीला काही जण बकलाचे बूट घालतात, तरुण पोरं जाड बूटही चढवतात.

‘‘आणि हे?’’ भाच्याने पिशवी उघडली.

त्यांनी बूट हातात घेऊन तळवा पाहिला. ‘‘काळं कातडं, साधी घडण. उत्तम चालतील. पण नवरदेवाला विचार. फोटोत सगळ्यांचे पाय सारखे हवे असतील, तर त्याचा शब्द शेवटचा.’’

श्रोतेहो, हे नियम तरी कुठून आले? 1746 साली सरकारने कायदा करून डोंगराळ भागातल्या लोकांना हा पोशाख बंद केला. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सात वर्षं काळं पाणी. 1782 मध्ये तो कायदा उठला. पुढे 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तो स्वतःच किल्ट घालून मिरवला. ज्यासाठी आजोबांना तुरुंग, तेच नातवाच्या काळात दरबारी! तेव्हा ‘हेच योग्य, हे अयोग्य’ म्हणताना जरा दमानं घ्यावं. मलाही गेली तीस वर्षं लोक विचारतात, ‘‘तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?’’ जणू मी दुसऱ्याचे बूट घालून आलोय. बाबांनो, हे माझ्याच मापाचे आहेत.

भाच्याने नवरदेवाला फोन लावला. अडखळत सगळं सांगितलं. पलीकडून क्षणभर आवाज नाही. मग उत्तर आलं, ‘‘तुझे वडील माझ्या लग्नाला येणार असतील, तर मी नको कसं म्हणेन?’’

बूट अर्धा इंच मोठे होते. आत जादा सोल घातला. लग्नाच्या सकाळी भाचा खिडकीशी बसून अर्धा तास पॉलिश करत होता. मी मुद्दामच त्या खोलीत गेलो नाही.

दिवसभर पाऊस भुरभुरत होता. रात्री तिथला तो ‘केली’ नावाचा नाच झाला. हातात हात घालून गरगर फिरायचं. दोघा-तिघांच्या लांब नाड्या सुटल्या, एकजण आपटता आपटता वाचला. भाचा शेवटपर्यंत नाचला. आमच्या दर्ग्याच्या उरुसातही त्याला कधी इतकं खुललेलं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आपाला, माझ्या बहिणीला, फोटो पाठवले. किल्टबद्दल ती काही तरी बोलेल, या धास्तीत भाचा बसला होता. तिने बराच वेळ घेतला. मग फोनवर म्हणाली,

‘‘पॉलिश चांगलं केलंयस रे.’’