पनीर म्हणावे कशाला?

गेल्या वर्षी महाप्रसादासाठी आणलेल्या पनीरचा एक तुकडा मी उकळला आणि थंड झाल्यावर त्यावर आयोडीनचे दोन थेंब टाकले. तुकडा निळा पडला. म्हणजे त्यात स्टार्च होता. निळा न पडता तरी खात्री नव्हतीच. पामतेल आयोडीनला सापडत नाही.

दुधाऐवजी असे तेल घातलेल्या पदार्थाला कायद्यात ‘ॲनालॉग’ म्हणतात. तो विकता येतो, पण पनीर म्हणून नाही. अमेरिकेत तर २०२० पासून बुरशीकडून बनवून घेतलेल्या दुधाच्या प्रथिनाचे आइस्क्रीम विकले गेले. गायीची गरजच नाही!

मी नव्याच्या विरोधात नाही. आमच्या वॅगनचे बिडाचे ब्रेक ब्लॉक जाऊन कंपोझिट आले, चांगले चालतात. पण एकाच्या नावावर दुसरा आम्ही बसवू देत नाही. माझ्या आईचा चतुर्थीचा उपवास असतो. पेढ्यात काय आहे, हे तिला कोण सांगणार?

यंदा मोदकांचा खवा मंडपामागेच आटवू. दूध मी समोर काढून आणतो. कढई ढवळायला चार तरुण हवेत. नावे आरतीनंतर द्यावीत.