रुग्णालयात अभियंत्याचे काय काम?

(ट्रस्टच्या वार्षिक सभेत एका स्वयंसेवक अभियंत्याने केलेले भाषण)



वीस-बावीस वर्षे मी वातानुकूलन यंत्रणांचे आराखडे काढण्याची नोकरी केली. ती सोडून हवामानबदलाच्या कामास वेळ द्यावयाचे ठरविले, तेव्हा माझ्या सासूबाईंनी विचारले, "जावईबापू, पृथ्वी तापते आहे हे खरे, पण तुम्ही घरी बसल्याने ती निवणार कशी?" प्रश्न रास्त होता. पत्नीची नोकरी चालू आहे, म्हणून मला हे परवडले. तरुणांनी नोकऱ्या सोडाव्यात, असे मी सांगणार नाही. शनिवारचे चार तास दिले तरी पुष्कळ.

हवामानबदल हा ध्रुवावरील बर्फाचा विषय आहे, असे आपल्याला वाटते. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. २०१३ साली तेथील महापालिकेने उष्णता कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातील तो पहिला. तेथील एका सार्वजनिक रुग्णालयात नवजात शिशूंचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. तो खाली हलविल्यावर उन्हाच्या त्रासाने दाखल होणारी बालके कमी झाली. नवे यंत्र घ्यावे लागले नाही.

आपला स्त्री-विभागही वरच्याच मजल्यावर आहे. गेल्या मे महिन्यात मी तेथे तापमापक घेऊन बसलो. एक्स-रेच्या पाकिटांनी वारा घालणारे नातेवाईक पाहिल्यावर तापमापकाची गरज उरली नाही. जागेअभावी तो विभाग हलविता येत नाही. छताला पांढरा परावर्तक रंग मात्र देता येतो. त्यावर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, ही अडचण मी जाणतो.

शस्त्रक्रियागृहातील नायट्रस ऑक्साइडविषयी थोडे. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता वाढवितो, आणि मध्यवर्ती नळ्यांतून पुष्कळ ठिकाणी तो रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गळतो. भूलतज्ज्ञांच्या संमतीने आपल्या जोडण्या तपासून देण्यास मी तयार आहे. त्यास खर्च फारसा नाही.

छताचा ठराव आज सभेपुढे आहे. रंगाचे काम मार्चअखेरपर्यंत संपले पाहिजे. एप्रिल लागला की त्या मजल्यावरील खाटा भरू लागतात.