आठव्या महिन्यातली जुळी

सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही. हे वाक्य इथल्या प्रत्येक आजीनं एकदा तरी म्हटलेलं आहे. नाही म्हणू नका, पहिल्या रांगेत माना डोलताना मला दिसतायत! हा समज माहीमच्या चाळीतला नाही. हिपोक्रेटिसच्या नावावर चालणाऱ्या ग्रीक ग्रंथांत आठव्या महिन्याच्या मुलांवर स्वतंत्र लिखाण आहे. दोन हजार वर्षांहून जुनी चूक, पण चूकच. पोटात निघालेला एकेक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना बळ देतो.

जुळ्यांच्या घरात ही चूक महागात पडते. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आत येतात. तरी आठव्यात पोट दुखलं की सासूबाई म्हणणार, "अगं, दिवस कुठे भरलेत? खोट्या कळा असतील, पड जरा." सून पडते. पोटातली दोघं थोडीच पडून राहणार!

पोट दगडासारखं घट्ट होऊन सुटतंय, कंबरेत ओढ लागतेय, असं झालं की पाणी प्या, डाव्या कुशीवर व्हा आणि घड्याळ समोर ठेवून डॉक्टरांना फोन करा. कळा ठराविक अंतरानं येत राहिल्या तर निघा. पाणी गेलं, लाल दिसलं किंवा बाळांची हालचाल मंदावली, तर घड्याळही बघू नका.

एवढी घाई कशाला? १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की अपुऱ्या दिवसांत प्रसूती होणार असेल तर आईला दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन बाळाची फुप्फुसं तयार करतं. आपल्याकडे ते प्रामुख्यानं ३४ आठवड्यांच्या आत देतात. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन दिवस लागतात आणि कळा थांबवणारी औषधं जेमतेम तेवढीच उसंत देतात. घरी पडून काढलेली रात्र त्याच हिशेबातून वजा होते. ३४ नंतर कळा सहसा अडवत नाहीत. तेव्हा प्रश्न एवढाच, की दोन इवले जीव कुठे उतरणार?

आपल्याला शीव जवळ. तिथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली म्हणून ती ओळखली जाते. लवकर बाळंत झालेल्या आईला दूध उतरायला वेळ लागतो आणि इथे तर तोंडं दोन! तोवर दुसऱ्या आईचं दूध त्या दोघांना मिळतं. मला विचाराल तर मुंबईनं अभिमान बाळगावा अशा गोष्टींत ही पेढी फार वर आहे.

पण पावसाळ्यात भरतीच्या वेळी गांधी मार्केटला पाणी तुंबलं की जवळचं शीवही लांब होतं. म्हणून पिशवी आणि फाईल सातव्यातच दाराशी ठेवा, १०८ नंबर घरातल्या पोरांनाही पाठ असू द्या. जुळी असतील तर सातव्यात कोकणातल्या माहेरी धाडायचा हट्टही सोडा. माहेरच्यांनाच इकडे बोलवा, चार दिवस मुंबई बघतील.

आणि जिथे नाव घातलंय तिथे उद्याच जाऊन विचारा: रात्री दोन वाजता दोन्ही बाळांना काचेची पेटी लागली, तर दोन मिळतील का?